ऐकणाऱ्याचं नाव

परवा सकाळी दूध घ्यायला फाटकापाशी गेले, तर समोरून उसाची पहिली गाडी चालली होती. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वरून सांडेल इतका ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी बांधलेल्या कर्ण्यातून ठणाणा गाणं. धुरळा खाली बसेपर्यंत मी आणि दूधवाले मामा दोघंही पातेल्यावर झाकण धरून उभे राहिलो. मग मामा म्हणाले, "चालू झाला की हंगाम." मी म्हटलं, "झाला." त्यांनी अर्धा लिटर दूध मोजून ओतलं आणि ते गेले. मी मात्र फाटकाशी उगाच थांबले. चिपाडांवर उकळणाऱ्या रसाचा वास अजून आमच्या कॉलनीपर्यंत पोचला नव्हता. चार-आठ दिवसांत पोचेल. गुऱ्हाळं पेटली की संध्याकाळी खिडकी उघडी ठेवावी की लावून घ्यावी, हे मला दरवर्षी ठरवता येत नाही.

आमच्या घरात हंगाम म्हणजे ह्यांची शिफ्ट. हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. रसात साखर किती, मळीत किती वाया गेली, हे बघायचं काम. दिवाळी झाली की माणूस जो कारखान्याचा व्हायचा तो पार शिमग्यापर्यंत. लग्नानंतरचा पहिला हंगाम मी रडून काढला, दुसरा चिडून, आणि तिसऱ्यापासून पेपर तपासून. ह्यांच्या शर्टाला मळीचा आंबूस-गोड वास यायचा. दोन पाण्यांतून काढला तरी जायचा नाही. तेव्हा मी नाक मुरडायची. आता तो वास कुठं मिळेल असं कुणी सांगितलं तर मी एसटीनं जाऊन येईन.

गेल्या वर्षीच्या हंगामात मी लॅटिन शिकत होते. हे वाक्य मी कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या चेहऱ्याकडं बघून थांबतो. बासष्टाव्या वर्षी, कोल्हापुरात बसून, मोबाइल डब्याला टेकवून लॅटिन. कशाला? तर त्याला कारण होतं. तीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. वनस्पतींची लॅटिन नावं फळ्यावर लिहायची, खाली रेघ मारायची आणि पोरांकडून घोकून घ्यायची. एकदा कुरुंदवाडहून येणाऱ्या एका मुलीनं उभं राहून विचारलं होतं, "मॅडम, उसाच्या नावातलं ते ऑफिसिनॅरम म्हणजे काय ओ?" मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "नाव आहे ते. पाठ कर आणि बस खाली." तिचा चेहरा आता आठवत नाही, पण ती किती पटकन खाली बसली ते आठवतं.

हे त्या हंगामाआधीच्या भाद्रपदात गेले. काही मोठं आजारपण नाही, की काही सांगणं-सवरणं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, चौदाव्या दिवशी मी एक वाटी तांदूळ लावला आणि अर्ध्याहून जास्त भात उरला. पुण्याची भाची जाताना म्हणाली, "मावशी, काहीतरी शिक. मन रमेल." मन रमणं या गोष्टीचा मला तेव्हा फार राग यायचा. रमायला मन काय झोपाळ्यावर बसवलेलं पोर आहे? पण तिनंच मोबाइलवर शोधून त्या ऑनलाइन वर्गाचा अर्ज भरून दिला, आणि त्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यात होताच.

वर्ग सुरू व्हायच्या आधी शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलं. क्लाराबाई त्यांचं नाव, युरोपातल्या कुठल्याशा थंड गावात राहायच्या, शिकवायच्या इंग्रजीतून. त्यांची दुपार ती आमची संध्याकाळ. पत्रात विद्यार्थ्यांकडून काय काय अपेक्षा आहेत ते लिहिलं होतं, आणि ते वाचताना मी खुर्चीत ताठ बसले. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडून काही अपेक्षा करत होतं. पाच मिनिटं आधी यायचं. कॅमेरा चालू ठेवायचा, चेहऱ्यावर उजेड हवा. उत्तरं हातानं वहीत लिहायची, यंत्राकडून भाषांतर करून घ्यायचं नाही. चुकलं तर माफी मागत बसायचं नाही, पुढं जायचं. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. इथवर सगळं मीच माझ्या पोरांना सांगायची तसं होतं. शेवटची अपेक्षा मात्र निराळी होती. रोज दहा मिनिटं धडा मोठ्यानं वाचायचा, आणि तो कुणाला तरी वाचून दाखवायचा. ऐकणारं माणूस त्याच खोलीत हवं, फोनवर नको. पुढं कंसात लिहिलं होतं की मांजर चालणार नाही. ही भाषा आता कुणाच्याच स्वयंपाकघरात बोलली जात नाही, निदान एका माणसाच्या कानात तरी तिला रोज जागा द्या, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी एक फॉर्म भरायचा. त्यात दोनच रकाने. ऐकणाऱ्याचं नाव, आणि ऐकून तो काय म्हणाला.

पहिल्या रविवारी मी त्या फॉर्मसमोर बसले. आठवडाभर मी वाचलं होतं, अगदी नेमानं. पण कुणाला? आमच्या घरातलं सगळं बोलणं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालायचं. मी स्वयंपाकघरात, हे बाहेर पेपर घेऊन. मी भाजी चिरता चिरता सगळ्या कॉलेजची हकीकत सांगायची आणि बाहेरून "हं" यायचं. लॅटिनही मी तसंच वाचत होते, ओट्याशी उभी राहून, बाहेरच्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात. शेतकरी, त्याची बायको, विहीर आणि एक हट्टी बैल, असा धडा होता. ओट्याशी उभं राहिलं की बाहेरची खोली दिसत नाही. त्यामुळं तिथं कुणी नाही हेही दिसत नाही.

मी पहिल्या रकान्यात 'मनोहर' असं लिहिलं. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव कुठं घेतात? हळदीकुंकवाला बायकांनी वाट अडवली तरच, तेही लाजत, उखाण्यात गुंडाळून. हे गेल्यावर मात्र दोन महिने मी ते नाव लिहीतच होते. महापालिकेत, बँकेत, पेन्शनच्या कचेरीत, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या आधी 'कै.' लावून. त्या रविवारी पहिल्यांदा मी नुसतं 'मनोहर' लिहिलं. 'कै.'शिवाय ते नाव इतकं धडधाकट दिसलं की मला ते खोडवेना.

दुसऱ्या रकान्यात लिहिलं, "आवाज शेवटी खाली जातो म्हणाले." हे खरंच होतं. मी शिकवायची तेव्हाही माझा आवाज वाक्याच्या शेवटी पडायचा. मग पाठवण्याचं बटण दाबलं, चहा केला, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं.

वर्गात आम्ही अकरा जण होतो. सोमवारी क्लाराबाई आदल्या दिवशीचे फॉर्म वाचून दाखवायच्या. कुणाची सासू म्हणाली होती की हे मंत्रासारखं वाटतं, कुणाच्या मुलीनं कान झाकून घेतले होते. ब्राझीलमधले एक केस कापणारे गृहस्थ होते, ते खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकालाच वाचून दाखवायचे. गिऱ्हाईक पळून कुठं जाणार? आणि मग माझा मनोहर. दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला की बैलाचं वर्णन बरोबर आहे, पण शेतकऱ्याला बैल कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला की विहिरीवर बसून इतकं बोलणारी बायको आमच्याकडं मलकापूरला कुणी ठेवून घेतली नसती. मलकापूर हे ह्यांचं गाव. वर्ग खो खो हसला. क्लाराबाई म्हणाल्या, "तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा." मी म्हटलं, "सांगते."

आणि मी सांगितलाही. ओट्याशी उभी राहून, बाहेरच्या खोलीला.

एका धड्यात कारखान्याला, कामाच्या जागेला शब्द आला, ऑफिसिना. मी वहीत उतरवून घेतला आणि पुढं गेले. मग पेन थांबलं. ऑफिसिनॅरम म्हणजे कारखान्यांचा. कारखान्यांचा ऊस! तीस वर्षं मी ते नाव फळ्यावर लिहून त्याच्याखाली रेघ मारत होते, तीस वर्षं हे त्याच उसाचा रस काचेच्या नळीत धरून बघत होते, आणि आमच्या दोघांच्या मधोमध हा अर्थ बसून होता. मी एकटीच मोठ्यानं हसले. हसत हसत बाहेर गेले, "अहो, ऐकलंत का" म्हणत. बाहेर दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं आणि घडी न मोडलेला पेपर होता. मी तशीच उभी राहिले. एकटेपणा म्हणजे गप्प बसणं नव्हे. गप्प बसायची मला सवय आहे. एखादी गोष्ट कळली आणि ती सांगायला कुणी नाही, ते मला सोसवत नाही. त्या दिवशी मी फार रडले. कुरुंदवाडची ती मुलगीही आठवली. तिला आता कुठं शोधू?

त्या रविवारी मनोहर म्हणाला, "म्हणजे मी जन्मभर लॅटिनमध्येच नोकरी केली म्हणायची." वर्गात त्यावर टाळ्या पडल्या.

हंगाम अर्ध्यावर आला. गुऱ्हाळाचा वास संध्याकाळी घरात यायला लागला, शेजारून कुणी काकवीची बाटली आणून दिली, थंडी वाढली. आणि एका रविवारी दुसरा रकाना भरेना. जेवण झाल्यावर बसले ते दिवे लागेपर्यंत बसून राहिले. मनोहर काय म्हणेल? मला काही सुचत नव्हतं. जे सुचत होतं ते मी आधीच लिहिलेलं होतं, जरा फिरवून. मग मागचे सगळे फॉर्म उघडून एकापाठोपाठ वाचले. हा बोलका, मिस्कील माणूस कोण होता? मी ह्यांच्याबरोबर अडतीस वर्षं काढली. हे असं बोलायचे नाहीत. मी वर्गाला हसवणारा एक मनोहर तयार केला होता आणि त्याच्या बडबडीत माझा खरा माणूस मला ऐकू येईनासा झाला होता. ऑफिसिनाची गोष्ट ऐकून हे काय म्हणाले असते ते मला पक्कं ठाऊक होतं. हे म्हणाले असते, "हं."

त्या रविवारी मी रकान्यात एवढंच लिहिलं. हं. क्लाराबाईंना वाटलं, यजमान रुसले.

मग शेवटच्या वर्गाची सूचना आली. त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या ऐकणाऱ्याला शेजारी बसवायचं होतं. सगळे एकमेकांना बघतील, दोन शब्द बोलतील. ब्राझीलच्या गृहस्थांनी लगेच लिहिलं की त्यांना मनोहरला भेटायची सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. मी चार दिवस काहीच उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी टाइप केलं, ते मलकापूरला गेले आहेत. वाचून बघितलं. गेलेल्या माणसाला मी एसटीत बसवून गावी पाठवत होते, कशासाठी, तर मला एक प्रमाणपत्र हवं होतं म्हणून. मी ते पुसलं.

शेवटच्या वर्गात मोबाइलच्या चौकटीत सगळीकडं दोन-दोन डोकी होती. माझ्या चौकटीत मी. माझी पाळी आली तेव्हा क्लाराबाईंनी हसत विचारलं, "आणि मनोहर कुठं आहेत?" मी माझ्या पाठ्यपुस्तकी इंग्रजीत सांगितलं की माझे यजमान हा वर्ग सुरू व्हायच्या दोन महिने आधी वारले. ते जे काही म्हणाले ते सगळं मीच मनानं लिहिलं. मी माफी मागितली नाही. चुकलं तर माफी मागत बसायचं नाही, असंच त्यांनी सांगितलं होतं. कुणाच्या तरी घरात कुत्रं भुंकत होतं. ब्राझीलच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो पुसतच राहिले.

दोन दिवसांनी क्लाराबाईंचं पत्र आलं. मायेनं लिहिलं होतं, आणि सरळ लिहिलं होतं. तुमच्या दुःखाबद्दल मला वाईट वाटतं, तुमचं वाचन वर्गात सगळ्यात चांगलं आहे, पण अपेक्षा जिवंत माणसाला ऐकवण्याची होती आणि ती पुरी झालेली नाही. प्रमाणपत्र देता येणार नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा या, जागा तुमचीच आहे, एक ऐकणारं माणूस तेवढं घेऊन या.

मला राग आला. भयंकर आला. आलं मोठं ऐकणारं माणूस! कुठून आणू? पण दोन-चार दिवसांनी, भांडी लावताना, माझ्या प्रॅक्टिकलच्या वह्या आठवल्या. दुसऱ्याची वही खिडकीच्या काचेवर धरून चित्रं गिरवणारी पोरं मी दर वर्षी पकडायची. गिरवलेलं चित्र बघताक्षणी कळतं. त्यात कुठंच चूक नसते. मी त्यावर तांबडी रेघ ओढून म्हणायची, "पान नेऊन समोर ठेव आणि जसं दिसतं तसं काढ." मीही आठवडेच्या आठवडे गिरवतच होते. क्लाराबाईंनी फक्त तांबडी रेघ ओढली.

तर आता हा हंगाम. वर्ग येत्या सोमवारी सुरू होतो आहे. पत्र पुन्हा आलं, तेच, मांजर चालणार नाही यासकट. परवा ती उसाची गाडी गेल्यापासून मी दीड दिवस मनात माणसं फिरवत होते. भाची पुण्याला. माझ्याबरोबरच्या शिक्षिका कुणी नातवंडांत, कुणी गुडघ्यांत अडकलेल्या. गंमत बघा, मला कुणी नाही असं मी वर्षभर स्वतःला सांगत होते, पण कुणाला विचारलं म्हणाल तर कुणालाच नाही. मागायची मला लाज वाटते. लोकांना वाटेल, बाई एकटी पडली. आणि पडलेच आहे की, त्यात वाटायचं काय?

आमच्या भिंतीला भिंत लागून गंगाक्का राहतात. माहेर-सासर दोन्ही गडहिंग्लजकडं, घरात कानडी-मराठी सरमिसळ, दोन्ही मुलं किराणा दुकानात. मी त्यांना गेली सहा वर्षं ओळखते, म्हणजे संक्रांतीला तिळगूळ आणि एरवी फाटकातून "जेवण झालं का" एवढंच. काकवी त्यांनीच दिली होती. काल चार वाजता मी वही-पुस्तक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. त्या पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या.

"या की मॅडम. काय सांडलं-लवंडलं काय?"

मी म्हटलं, "नाही. एक काम होतं. मला रोज दहा मिनिटं कुणीतरी ऐकायला हवंय. मी वाचणार, तुम्ही नुसतं बसायचं. तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडं खालून वरपर्यंत बघितलं. "कसलं वाचणार? पोथी?"

"लॅटिन."

"आसू दे की. आमच्या स्वामींचं परवचन तरी सगळं कुठं कळतंय?" त्यांनी मेथीची जुडी सरकवून जागा केली. "गेल्या साली रोज सांच्याला मोठ्यानं बोलत हुतासा ते ह्येच व्हय? आमी म्हणायचो, मॅडमकडं कोण पावणं आल्यात आनि काय जायाचं नाव घेत न्हाईत."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुमी कधी दार उघडं ठेवलासा?" असं म्हणून त्या पुन्हा मेथीकडं वळल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी सांगितलं तेवढंच.

मी पायरीवर बसले. धडा तोच, शेतकऱ्याचा आणि बैलाचा. मला तो आता पाठ आहे, तरी मी पुस्तक उघडून त्यात मान घातली आणि वाचायला लागले. समोर माणूस असताना वाचणं फार अवघड असतं. माझा आवाज पहिल्याच वाक्यात पडला, मग जरा चढला, मग मी घाई केली. रस्त्यावरून एक ट्रॉली गेली तेव्हा थांबले, ती गेल्यावर पुढं वाचलं. तीन-चार मिनिटं झाली असतील. मेथीची पानं खुडल्याचा आवाज थांबला होता.

"मॅडम," गंगाक्का म्हणाल्या, "मला कळंना झालंय ते ऱ्हाऊ दे. पन तुमी मला वाचून दावतासा, का दुसऱ्या कुनाला?"

मी बोटानं ओळ धरून ठेवली.

"न्हाई, मी हितं बसलीया म्हणून इचारलं. माझ्याकडं बगून वाचा की."

मी मान वर केली. गंगाक्कांनी मेथीची परडी बाजूला ठेवली होती, हात पदराला पुसले होते आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी पुस्तक मिटलं आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली.